भंडारा पाण्यात अन् टीव्हीवर कोणाची तरी कार: आपल्या बातम्या जातात कुठं?

सक्करदरा_चौक

नमस्कार मंडळी. प्रश्न विचारायचा आहे पण आधी थोडं रडगाणं ऐकावं लागेल, इलाज नाही.

आमचे बाबा ७४ वर्षांचे. सकाळचा चहा झाला की टीव्ही सुरू, तो रात्रीच्या जेवणापर्यंत. २०२५ च्या जूनमध्ये ते इंदूरचं हनिमूनवालं प्रकरण चाललं होतं ना, ते बाबांना तोंडपाठ. मेघालयात कुठल्या दरीत काय सापडलं, स्कूटी कुठं सोडली, ती बाई गाझीपूरला कोणत्या ढाब्यावर आली, मी ऑफिसातून घरी आलो की चप्पल काढायच्या आत मला सगळं ब्रीफिंग. अन् त्याच आठवड्यात इथं मोझरीला, अमरावतीच्या अलीकडे, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात कर्जमाफीसाठी शेतकरी नेते बच्चू कडू अन्नत्याग करून बसले होते. आमची काटोलकडे चार एकर आहे, बाबांच्याच नावावर सोसायटीचं कर्ज आहे. मी विचारलं, बाबा मोझरीचं काय झालं? तर म्हणे, काहून, मोझरीले काय झालं?

पण माझी खरी खुन्नस २०२० ची आहे. ऑगस्टचा शेवटचा शनिवार-रविवार. मावशी भंडाऱ्याला, नदीकाठच्या वस्तीत राहते. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलेलं, इकडून पेंचचं, खाली गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडे, वैनगंगा शहरात घुसलेली अन् मावशीचा फोन लागत नाही. मी रिमोट घेऊन चॅनल बदलून राहिलो. एकावर सुशांतसिंग राजपूत प्रकरणातली रिया चक्रवर्ती गाडीत बसून राहिली, दुसऱ्यावर तीच गाडी मागून, तिसऱ्यावर गाडीच्या काचेला माईक लावून पळणारा रिपोर्टर. आमच्या मराठी चॅनलवर खालच्या पट्टीत एक ओळ यायची, पूर्व विदर्भात पूरस्थिती गंभीर, ती सरकत सरकत निघून जायची अन् परत यायला दहा मिनिटं लागायची. आई चष्मा लावून त्या पट्टीची वाट पाहत बसलेली, मी चॅनल बदलायला गेलो की म्हणे थांब रे, आता येईल भंडारा. रात्री साडेअकराला मावसभावाच्या दोस्तानं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला, त्यात गल्लीतली विजेची डीपी अर्धी पाण्यात अन् मावशी शेजाऱ्यांच्या गच्चीवर, डोक्यावर पोतं घेऊन. तो व्हिडिओ आईनं किती वेळा पाहिला असेल मोजलं नाही.

तर प्रश्न असा की हे असं काहून होते? वरून कोणाचा आदेश असते, टीआरपी, की आपणच तसले? अन् तुम्ही लोक आपल्या जिल्ह्याची बातमी कुठं पाहता?

रामदासपेठी

यात आदेशबिदेश काही नाही हो. लोक बघतात म्हणून दाखवतात. हॉटेलवाला झणझणीत सावजी विकतो कारण गिऱ्हाईक सावजी मागतं, उकडलेला दुधी कोणी मागत नाही. तुमच्या बाबांनी चॅनल बदललं असतं तर चॅनलवाल्यांनीही दाखवणं बदललं असतं.

सक्करदरा_चौक

दादा, बाबांनी चॅनल बदललं तरी पुढच्यावर सावजीच होतं ना. दुधी कोणत्या नंबरवर लागते ते सांगा, मी लावून देतो.

डेस्कवरचा

पंधरा वर्षं नागपुरात पेपरच्या डेस्कवर काढली, त्याआधी दोनेक वर्षं चॅनललाही होतो. नावं विचारू नका.

रामदासपेठी साहेब, तुमचं अर्धं बरोबर आहे. टीआरपीचा मीटर २०२० मध्ये देशभरात मिळून ४४ हजारांच्या आसपास घरांत होता आणि टीव्ही असलेली घरं वीस कोटींच्या आसपास. म्हणजे "लोक बघतात" यातले लोक म्हणजे ही एवढी घरं. दर गुरुवारी आकडा यायचा आणि त्या दिवशी न्यूजरूममध्ये दहावीच्या रिझल्टचं वातावरण. पण गंमत पुढं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण निघालं, टीआरपी मोजणाऱ्या बार्कनं न्यूज चॅनलचे आकडेच बंद केले ते थेट मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाले. जवळजवळ दीड वर्ष परीक्षाच नाही. तेवढ्या काळात कोणी सुधारलेलं तुम्हाला आठवतं का? मला तर नाही आठवत. म्हणजे सगळं खापर मीटरवर फोडून चालत नाही.

खरं कारण फार कंटाळवाणं आहे, पैसा. कोणाच्या तरी गेटसमोर एक कॅमेरा, एक पोरगा उभा केला, स्टुडिओत चार पाहुणे बोलावले जे भांडायला फुकट येतात, की दिवस निघतो. पूर कव्हर करायचा म्हटलं तर भंडारा, मग खाली ब्रह्मपुरी, वडसा, रस्ते बंद, बोट लागते, तीन माणसांचं राहणं-खाणं, आणि एवढं करून पहिल्या तासाला जे दिसतं तेच दहाव्या तासाला दिसतं. डेस्कवर आमच्यात एक वाक्य असायचं, "स्टोरी पुढं सरकत नाहीये." खुनाच्या केसमध्ये रोज संध्याकाळी कोणी ना कोणी अधिकारी एक ओळ सोडतो, झाला नवा खुलासा, उद्याची सोय. पुराचं काय सरकणार, पंचनामा, मग जीआर, मग अनुदान, मग बँकेत केवायसी नाही म्हणून परत. ते सरकतं, पण महिन्यांनी, तोवर कॅमेरा दुसऱ्या गेटवर.

आणि पेपरवाल्यांनी फार मिशीवर ताव देऊ नये, आमचंही एक पाप आहे जे वाचकाला माहीतच नसतं. भंडाऱ्याची बातमी भंडाऱ्याच्या पानावर लागते. ते पान नागपूर शहराच्या अंकात नसतंच, इथं त्या जागी शहराचं पान असतं. भंडारा-गोंदियाची गाडी लवकर निघते, तो अंक आधी छापून काढतात, मग पानं बदलतात. त्यामुळे भंडाऱ्यात गळ्याइतकं पाणी आलं तरी नागपुरातल्या माणसाला पहिल्या पानावर कोपऱ्यात काय मिळेल तेवढंच, आणि मुंबईच्या अंकात तर विचारूच नका. पुराची सगळ्यात मोठी बातमी ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याच्यासाठीच छापली जाते, आणि त्या दिवशी त्याच्याकडे पेपरवाला पोचत नाही.

त्या चार दिवसांचं अजून एक. २८ ऑगस्टला रियाची सीबीआय चौकशी सुरू झाली, २९-३० ला वैनगंगा, आणि ३१ तारखेला संध्याकाळी जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरल्याचा आकडा आला. तुम्हाला पूर दिसला नाही म्हणताय, अहो अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था एक चतुर्थांश बसली, ती पण पट्टीतच होती.

वैनगंगा_काठ

डेस्कवाले भाऊ, लिवलं बरोबर पण तुमच्या डेस्कचा फोन कसा यायचा ते नाही सांगितलं, ते म्या सांगतो. मी तेव्हा एका चॅनलचा स्ट्रिंजर होतो पवनीकडे. पगारबिगार काही नाही, स्टोरी लागली तर तिचे पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. त्या रविवारी सकाळी फोन केला, म्हटलं इकडं लय बेकार परिस्थिती हाये, गावंच्या गावं पाण्यात हायेत, धानाचे बांधे दिसून नाही राहिले. तिकडून पोरगी म्हणे, सर विज्युअल्स काय आहेत? म्हटलं पाणी. म्हणे पाणी नको, कोणी अडकलंय का, छतावर बाई वगैरे, रेस्क्यू? आता छतावर बाई होती पण तिच्यापर्यंत जायले मले नाव पायजे होती अन् नाव एनडीआरएफकडे. म्या झाडावरून शूट केलं, मोबाईलवर. रेंज नोती तर सात किलोमीटर बाईक मारून उंच जागी गेलो, फाईल सोडली. संध्याकाळी लागली, बावीस सेकंद. आवाज दुसऱ्याचाच.

पेपरच्या वार्ताहराचं तर याहून भारी. त्याले मानधन म्हणजे चहापाण्याचे पैसे, अन् टार्गेट जाहिरातीचं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, सरपंचापासून ते सोसायटीच्या अध्यक्षापर्यंत शुभेच्छांची जाहिरात मागत फिरायचं. आता ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्याच ट्रॅक्टरनं नदीतली रेती चालली असन तर बातमी कोण लावन? कोणी वरून आदेश नाही देत भाऊ. लागतच नाही आदेश.

अन् येतात ना, मुंबई-दिल्लीवाले येतात, नाही असं नाही. ९ जानेवारी २०२१ ले भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली, १० लेकरं गेली, नवजात. तेव्हा तीन दिवस गेटसमोर ओबी व्हॅनच्या रांगा. मले एक जण विचारे, इथं चांगला नाश्ता कुठं भेटते. चौथ्या दिवशी मैदान साफ. मी मार्चमध्ये डेस्कले म्हटलं की बाकीच्या दवाखान्याचं फायर ऑडिट झालं का ते करू, कागद काढतो मी. म्हणे ते आता जुनं झालं. ९ एप्रिलले तुमच्या नागपुरात वाडीले दवाखान्याले आग, चार गेले. मग त्याच महिन्यात विरार. मग नोव्हेंबरमध्ये नगर. दर वेळी ब्रेकिंग.

मी आता किराणा दुकान पाहतो.

महालकर_काका

हे आजचं नाही बाळांनो. २००६ साल आठवा. जूनच्या शेवटी मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, कापूसवाल्यांच्या आत्महत्या रोज चालू. आणि जुलैत हरियाणात एक लेकरू बोअरवेलमध्ये पडलं, तर दोन दिवस अख्खा देश त्या भोकात डोकं घालून बसला. लेकरू वाचलं, छानच झालं, आम्हीही नारळ फोडला गल्लीत. पण त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी हिशोब मांडला होता तो मी विसरलो नाही. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकला पाचशेच्या वर पत्रकार, रॅम्पवर सुती कपडे, आणि तो कापूस पिकवणारा तिथून तासाभराच्या विमानावर फास लावून घेतोय त्याच्याकडे बाहेरून आलेले पत्रकार अर्धा डझन.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचं दलित हत्याकांड झालं. दोन ऑक्टोबरला दसरा, धम्मदीक्षेला पन्नास वर्षं, दीक्षाभूमीवर लाखोंनी माणसं, मी स्वतः काचीपुरा चौकात पाणी वाटायला उभा होतो. इथून जेमतेम शंभर किलोमीटरवर तीन दिवसांपूर्वी एका घरातली चार माणसं गावानं मिळून मारली होती आणि एवढ्या गर्दीत माझ्या कानावर एक शब्द नाही. सुरुवातीला आली ती अनैतिक संबंधाच्या अँगलनं बारीकशी बातमी. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर आले, नागपुरात जाळपोळ झाली, तेव्हा मग कॅमेरे आले. आले ते पण जाळपोळीचे.

बेसा_रोड

काका तुमचा आदर आहे पण मला हे नेहमीचं "शेतकऱ्याची बातमी येत नाही" पटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा रोडवर ट्रॅक्टर आणून हायवे बंद केला तेव्हा सगळ्या चॅनलवर तेच होतं की. मी स्वतः पाच तास अडकलो होतो, पोरगी कारमध्ये रडत होती, बिस्किटाचा पुडा संपला. अन् दुसरं, क्राईमच्या बातमीला एवढं खालच्या दर्जाचं काहून समजता? लोकांनी बघितलं, ओरडले, म्हणूनच कितीतरी केसमध्ये पोलिस हलले.

डेस्कवरचा

दुसऱ्या मुद्द्याला मान्य, ओरडा झाल्याशिवाय एफआयआर होत नाही हे मी पण पाहिलंय. पण सुशांतच्या वेळी जे झालं त्यावर मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिलाय, मीडिया ट्रायलनं न्यायाच्या कामातच अडथळा येतो म्हणून. तपासावर लक्ष ठेवणं वेगळं आणि स्टुडिओत फाशी देणं वेगळं.

पहिल्या मुद्द्याचं मात्र तुम्हीच उत्तर दिलंत साहेब. मोझरीला सात दिवस उपाशी बसले तर पट्टी. चार महिन्यांनी हायवे अडवला, तुमची पोरगी रडली, तर हेडलाईन. ती हेडलाईन पण काय होती आठवा, वाहतूक ठप्प, प्रवाशांचे हाल. सोयाबीनचा भाव किती खाली आलाय ते बातमीच्या सहाव्या परिच्छेदात. आता पुढचं आंदोलन ठरवताना लोक उपास निवडतील की हायवे, तुम्हीच सांगा.

चिमूर_फाटा

आमच्याकडचं एक टाकतो. १० मे २०२५, चंद्रपूर जिल्ह्यातला सिंदेवाही तालुका, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघानं मारल्या. मान्य आहे की तेव्हा पाकिस्तानशी युद्धाचं चालू होतं, त्याच दिवशी शस्त्रसंधी झाली, ती बातमी मोठी, भांडण नाही. पण दोन रात्री आधी हेच चॅनलवाले कराची बंदर उडवून बसले होते राजेहो, अँकर उभ्यानं नाचून राहिले होते. जे झालंच नाही त्याला रात्रभर वेळ होता. अन् २०१८ मध्ये यवतमाळकडे अवनी वाघीण मारली तेव्हा मात्र दिल्लीपासून मेणबत्त्या. वाघिणीचं वाईट वाटलंच, पण तिचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे अन् या तीन बायांचं त्यांच्या तालुक्याबाहेर कोणाला माहीत असेल?

मेडिकलची_सिस्टर

सगळे पूर, वाघ, आग बोलताय. त्यात निदान तारीख तरी आहे. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, माझ्या वॉर्डात जे असतं त्याला तारीखच नाही, म्हणून ते बातमी होत नाही. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात गल्लीगल्लीत आहे, आईबाप दोघंही वाहक असले की लेकरात उतरायची शक्यता, लग्नाआधी साधी रक्ताची तपासणी केली तर कळतं. १९ जूनला सिकलसेल दिन म्हणून रॅली निघते, फोटो येतो, बॅनर धरलेल्या आम्हीच असतो त्यात. २०२३ च्या १ जुलैला शहडोलहून देशाचं मिशन सुरू झालं तेव्हा दोन दिवस बातम्या. मग बंद.

डिसेंबरमध्ये थंडी पडली की लेकरं दुखण्यानं येतात. हाडं दुखतात, कोणी ठेचून राहिल्यासारखी. मागं एक दहा-अकरा वर्षांचा पोट्टा होता गडचिरोलीकडचा, त्याची माय रात्रभर गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसायची, पाणी गार झालं की माझ्याकडे यायची, सिस्टर थोडं गरम देता का. एक शब्द तक्रार नाही. बाहेर शहरात तेव्हा विधिमंडळ अधिवेशनाचा बंदोबस्त, सिव्हिल लाईन्समध्ये दोन आठवडे एवढे कॅमेरे की रस्ता ओलांडता येत नाही, कोण कोणाच्या बंगल्यावर हुरडा खायला गेला याची ब्रेकिंग. नागपूर कराराप्रमाणे अधिवेशन इथं घेतात ते विदर्भाचे प्रश्न मांडायला ना? मेडिकल तिथून ऑटोनं किती लांब आहे, कोणी येऊन पाहिलं असतं तर मीच चहा पाजला असता.

रामदासपेठी

सिस्टर, हे वाचून गप्प बसलो. पण प्रामाणिकपणे सांगतो, ही स्टोरी टीव्हीवर लागली असती तर मी बघितली असती का, नाही सांगता येत. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली तेव्हा मी नागपुरात बसून बाबा राम रहीमची ती हनीप्रीत कुठं लपली ते बघत होतो. अडतीस दिवस. माझं सासर त्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचं आहे.

वैनगंगा_काठ

दादा तुमी कबूल तरी केलं. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, वर हात करून फवारा मारायचा तर सगळं अंगावर येई. आमच्या डेस्कले हे समजवायले ऑक्टोबर उजाडला.

सक्करदरा_चौक

एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. डेस्कवाले दादांनी पानांचं सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं, वीस वर्षं पेपर घेतो. मी समजत होतो की भंडाऱ्याचं काही छापूनच येत नाही.

मग एक केलं. मावसभावाला सांगितलं की तुझ्या पेपरचं भंडाऱ्याचं पान रोज सकाळी फोटो काढून बाबांच्या व्हॉट्सॲपवर टाक. चार दिवस झाले. पहिल्या दिवशी बाबांनी उघडलंच नाही, दुसऱ्या दिवशी म्हणे बारीक दिसते. मग त्यांना दोन बोटांनी मोठं करायचं शिकवलं. आज सकाळी टीव्ही सुरूच होता, कोणत्या तरी खुनाचं चाललं होतं, पण बाबा मोबाईल नाकाजवळ धरून बसले होते अन् मावशीला फोन लावून विचारत होते, तुमच्या इथं त्या पुलाच्या खालचा नाला बुजवून राहिले असं आलं आहे, तो तुमच्या घरामागचाच की दुसरा? मावशी म्हणे आमच्या मागचाच भाऊजी, तुम्हाले कोणी सांगितलं?